बिबड्यांच्या डब्याच्या तळाशी

प्रिय लेकी,
अनेक उत्तम आशीर्वाद.

ज्वारीचे बिबडे पाठवते आहे. डब्याच्या तळाशी वर्तमानपत्र घातलंय, त्याच्याखाली हे पत्र. फोनवर लिहिलं नाही, कारण सासरी तुझा फोन चार हातांतून फिरतो हे तूच मला सांगितलंस. सावकाश वाच. ठेवायला जागा नसेल तर वाचून चुलीत घाल, मला वाईट वाटणार नाही.

आखाजीला तू माहेरी आलीस. निंबाला झोका बांधला होता, पोरी गौराईची गाणी म्हणत होत्या, आणि तू माझ्या शेजारी ओट्यावर बसून खाली बघत हळूच म्हणालीस, "मावशी, माले काहीच वाटत नही. निस्तं दुखस. मन्हामा काही कमी शे का?" तेवढ्यात तुझी आत्या आली आणि आपण दोघी आंब्याच्या भावावर बोलायला लागलो. तेव्हापासून तुझा प्रश्न माझ्याजवळ तसाच पडून आहे.

आधी उत्तर सांगते, मग बाकीचं. तुझ्यात काही कमी नाही.

चौतीस वर्षं मी सरकारी दवाखान्यात नर्स होते. हा प्रश्न मला किती बायांनी विचारला याची मोजदाद नाही. कुणी अंगावर पांढरं जातं म्हणून यायची, कुणी कंबर धरते म्हणून. गोळ्या घेऊन दारापर्यंत जायची, परत फिरायची, आणि मग खरं बोलायची. तुझ्यासारखीच, आवाज खाली करून.

माझी गोष्टही ऐक. माझं लग्न 1978 साली झालं. मी एकोणीस वर्षांची होते, तुझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. पहिल्या रात्रीनंतर मला वाटलं, आपल्याला आत कुठेतरी इजा झाली. सकाळी जावेला सांगितलं. ती म्हणाली, सगळ्यांनाच होतं, सवय होईल. सवय झाली. पण दुखण्याची सवय होणं वेगळं आणि दुखणं थांबणं वेगळं, हे कळायला मला वीस वर्षं लागली. तुझे काका वाईट नव्हते. त्यांनाही कुणी काही सांगितलं नव्हतं. अंधारात दोघं चाचपडत होतो आणि दोघांनाही वाटत होतं की समोरच्याला सगळं माहीत आहे.

मग एका प्रशिक्षणात एका डॉक्टरबाईंनी फळ्यावर बाईच्या अंगाचं चित्र काढलं. आम्ही सगळ्या नर्सा, बहुतेक चाळिशीला टेकलेल्या. तोवर मी शेकडो बाळंतपणं केली होती, टाके घातले होते, तांबी बसवली होती. तरी त्या चित्रातला एक भाग मला माहीत नव्हता. माझ्याच अंगातला. मी वहीत चित्र उतरवून घेतलं आणि बसमध्ये घरी येईपर्यंत वही छातीशी धरून बसले. राग आला होता, आणि रडूही. ती वही अजून आहे माझ्याकडे.

त्या भागाचं नाव शिश्निका. इंग्रजी शब्द क्लिटोरिस. लघवीच्या जागेच्या वर, दोन आतल्या पाकळ्या जिथे मिळतात तिथे कातडीच्या टोपडीखाली मटाराच्या दाण्याएवढी दिसते. दिसते तेवढीच नसते. आत दोन्ही बाजूंना तिचे पाय पसरलेले असतात, योनीला कवेत घेतल्यासारखे. 1998 साली ऑस्ट्रेलियातल्या डॉ. हेलन ओ'कॉनेल यांनी शवविच्छेदन करून तिची पूर्ण रचना नीट मांडली. पुस्तकांतली तोवरची चित्रं अपुरी होती. विचार कर, माणूस चंद्रावर 1969 साली गेला. या एवढ्याशा जागेत संवेदनेचे हजारो तंतू एकवटलेले असतात, आणि सुख देणं याखेरीज तिला दुसरं काम नाही. बाळंतपणात नाही, लघवीत नाही, पाळीत नाही. तुझ्या अंगात सुखासाठीच घडवलेला एक अवयव आहे, हे मला कुणी एकोणिसाव्या वर्षी सांगायला हवं होतं.

आता तुला "काहीच वाटत नाही" त्याचं कारण पाहा. योनीच्या आतल्या भिंतीला संवेदना त्यामानाने कमी असते. नुसत्या आतल्या संबंधाने बहुतेक बायांना परमसुख मिळत नाही, जगभर असंच आहे. त्या जागेला, तुला रुचेल तसा, पुरेसा वेळ स्पर्श लागतो. तुझ्या नवऱ्याला ती जागा ठाऊक नसेल, आणि तुलाही ठाऊक नव्हती. म्हणजे अडचण माहितीची आहे गं. ती भरून निघते.

आपल्याकडे या सगळ्याला शब्दच नाहीत. जुन्या सुइणी मायांग म्हणायच्या. किती चांगला शब्द, त्यात माय आहे. पण आता तोही ऐकू येत नाही. बाया नुसतं "खालची जागा" म्हणतात. ज्याला नाव आहे ते फक्त शिवीत येतं, आणि जे शिवीत येतं ते अंग घाणच वाटणार. म्हणून मी तुला नावं सांगते. योनी, पाकळ्या, शिश्निका. मनातल्या मनात म्हण. काही होत नाही.

मग पाहा. दुपारी घर निजलं की कडी लाव. हात धू, नखं कापलेली असू देत, हातआरसा घे. घाई करू नको. रंग सावळा असतो, गोऱ्या अंगाच्या बाईचाही. पाकळ्या दोन्ही बाजूंना सारख्या नसतात. त्या उजळ करायची मलमं विकतात, त्यांच्या वाटेला जाऊ नको. पहिल्या दिवशी नुसतं पाहा आणि आरसा ठेवून दे. दुसऱ्या वेळी बोटाने हलकेच समजून घे, कुठे गुदगुल्या होतात, कुठे छान वाटतं, कुठे नको वाटतं. त्यातून सुख मिळालं तर घे. स्वतःच्या हाताने सुख घेण्याला हस्तमैथुन म्हणतात. त्याने अशक्तपणा येत नाही, मूल व्हायला अडचण येत नाही, नवऱ्याशी बेइमानी होत नाही. उलट तुला स्वतःला कळेल की तुझं अंग कशाला होकार देतं. जे तुला ठाऊक नाही ते तू दुसऱ्याला सांगणार कसं?

तुला यात पाप वाटत असेल तर एक सांगते. रघुनाथ धोंडो कर्वे म्हणून गणिताचे प्राध्यापक होते, महर्षी कर्व्यांचे थोरले चिरंजीव. 1921 साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. 1927 पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं आणि 1953 साली जाईपर्यंत ते सोडलं नाही. कामसुखावर बाईचा पुरुषाइतकाच हक्क आहे, हे त्यांनी मराठीत छापून सांगितलं. नोकरी गेली, खटले झाले. 1934 च्या खटल्यात त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. म्हणजे आपल्याच भाषेत ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वी उघड बोलली गेली होती. ती आपल्या ओट्यापर्यंत पोचली नाही, एवढंच.

आता दुखण्याचं. इथे मी जास्त लिहिणार आहे, कारण मला तुझी खरी काळजी इथेच आहे.

तू खापरावर मांडे करतेस. खापर तापायच्या आत कधी मांडा टाकतेस का? टाकलास तर चिकटतो, फाटतो, आणि मग कुणी पिठाला दोष देतं, कुणी हाताला. अंगाचंही तसंच आहे. मन रमलं, स्पर्श आवडला की त्या भागाकडे रक्त धावतं, योनी ओली होते, आतून सैल आणि लांब होते, गर्भपिशवी वर उचलली जाते. याला वेळ लागतो. पंधरा-वीस मिनिटं लागली तर त्यात नवल नाही. त्याआधी आत शिरायचा प्रयत्न झाला तर कोरडी कातडी घासते आणि दुखतं. दुसऱ्या वेळी अंगाला ते आठवतं, ते आधीच आवळून घेतं, म्हणून आणखी दुखतं. काही बायांचे स्नायू इतके घट्ट आवळले जातात की बोटसुद्धा जात नाही. हे कुणी बाई मुद्दाम करत नाही. डोळ्याजवळ काही आलं की पापणी मिटते ना, तसं ते होतं. त्याला योनिआकर्ष म्हणतात, आणि तो बरा होतो. व्यायाम असतात, हळूहळू सवय करण्याची साधनं असतात. बाईला "नाटकी" म्हणून घरी पाठवणारेही मी पाहिलेत, दवाखान्यातलेच. त्यांचं ऐकायचं नाही.

दुखण्याची आणखीही कारणं असतात. जंतुसंसर्ग असेल तर खाज, वास, जळजळ होते. फार आत, पाळीच्या दुखण्यासारखं दुखत असेल तर गर्भपिशवीच्या अस्तराचा आजारही असू शकतो. हे सगळं तपासून कळतं. म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंना दाखवायचं आहेच. मी बरोबर येईन.

तोवर एक करा. काही आठवडे संबंध ठेवायचाच नाही, असं दोघांनी मिळून ठरवा. नुसता स्पर्श. एक दिवस पाठ, हात, केस, मान. एकाने स्पर्श करायचा, दुसऱ्याने फक्त सांगायचं, इथे बरं वाटतं, इथे नको. पुढे काही "करायचं" नाही हे नक्की असलं की अंगातली भीती उतरते. अमेरिकेतल्या मास्टर्स आणि जॉन्सन या दोघांनी 1970 साली ही पद्धत मांडली, आणि समुपदेशक ती आजही वापरतात. आणि एक व्यायाम: लघवी अडवताना जे स्नायू आवळतो ते पाच मोजेपर्यंत आवळ, मग श्वास सोडत दहा मोजेपर्यंत पूर्ण सैल सोड. लघवी करताना नको, एरवी. तुझ्यासाठी सैल सोडणं जास्त महत्त्वाचं. आवळल्याने दुखत असेल तर आवळणं सोडून दे, नुसतं सैल सोडायचं शिक.

पहिल्या रात्री रक्त आलं नाही म्हणून तुला काही बोललं गेलं होतं, हेही तू ओझरतं सांगितलंस. योनीच्या तोंडाशी असलेला पडदा कुणाचा पातळ असतो, कुणाचा लवचीक, काहींचा नसल्यासारखाच. त्यावरून कौमार्य कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 साली स्पष्ट सांगितलं की अशा तपासण्यांना शास्त्राचा आधार नाही. ते बोलणं मनातून काढून टाक.

तू म्हणशील, पण मला आधी इच्छाच होत नाही. कॅनडातल्या डॉ. रोझमेरी बॅसन यांनी 2000 साली एक गोष्ट मांडली, ती मला फार पटते. पुष्कळ बायांना इच्छा आधी होत नाही. मनाची तयारी असते, जवळीक हवी असते, स्पर्श सुरू होतो, अंग जागं होतं आणि मग इच्छा येते. म्हणजे आपोआप भूक लागली नाही तरी फोडणीचा वास आला की लागते. पण मनाची तयारी नसेल तर कितीही स्पर्श केला तरी काही जागं होत नाही, हेही तितकंच खरं. आणि त्या मनाच्या तयारीत अंगावरचा थकवा येतो, सासूचं दिवसभराचं बोलणं येतं, शेतातून आल्यावर केलेल्या भाकरी येतात. रक्त कमी असणं, थायरॉइड, उदासी, उदासीवरच्या काही गोळ्या, यांनीही इच्छा मंदावते. तपासणीला जाशील तेव्हा हिमोग्लोबिन आणि थायरॉइड बघून घेऊ.

आणि तुमचं घर. दोन खोल्या, सात माणसं. वैशाखात आपल्याकडे पारा 45 अंशांना टेकतो, अख्खं घर गच्चीवर निजतं, आणि नवरा-बायकोला जे काही करायचं ते श्वास कोंडून, बांगडी वाजू न देता, पाच मिनिटांत. अशी घाई मग हिवाळ्यातही जात नाही, अंगवळणी पडते. मला विचारशील तर सुखाची पहिली गरज म्हणजे आतून कडी लागणारं दार. तुझ्या नवऱ्याला सांग, आधी त्या मधल्या खोलीला कडी बसव. घरचे लग्नाला, बाजाराला गेले की ती दुपार तुमची. लाज वाटायचं काही कारण नाही, तुम्ही दोघं लग्नाची माणसं आहात.

त्याच्याशी बोलायचं कसं, हे तू विचारलं नाहीस, पण अडणार तिथेच आहे. रात्री अंथरुणात बोलू नको. तिथे त्याला तो दोष वाटेल आणि तुला रडू येईल. संध्याकाळी केळीच्या बागेत ठिबकच्या नळ्या बघायला दोघं जाता ना, तिथे बोल. चालताना तोंडं समोरासमोर नसतात, बोलणं सोपं जातं. "तुम्हाला जमत नाही" असं म्हणू नको. "मला दुखतंय, आपण दोघं मिळून शिकू" असं म्हण. तो घाबरलेला असेल, हे लक्षात ठेव. एसटी स्टँडच्या भिंतींवर गुप्तरोगाच्या जाहिराती वाचत पोरं मोठी होतात. धात गेली की ताकद गेली, असं त्यांच्या मनात भरवलेलं असतं. तसं काही नसतं. वीर्य अंगात सतत तयार होत राहतं. वर मोबाइलवरची चित्रं. त्यात बाया दोन मिनिटांत ओरडतात, कुणाला दुखत नाही, कुणी कुणाला विचारत नाही. तो सगळा अभिनय असतो, हे त्याला कुणीतरी सांगायला हवं. तू सांग. आणि त्याचा हात धरून त्याला ती जागा दाखव. बोलून जे होत नाही ते हाताने सांगता येतं.

तू "नको" म्हटलंस की नको, हे मात्र त्याला आधी कळू दे. मंगळसूत्र घातलं म्हणून ते "नको" पुसलं जात नाही. तो ऐकणारा आहे असं मला तुझ्या बोलण्यावरून वाटतं. पण उद्या कधी जबरदस्ती झाली तर गप्प बसू नको. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात लैंगिक छळही येतो, आणि त्यासाठी तालुक्याला संरक्षण अधिकारी असतात. तशी वेळ आली तर आधी मला सांग.

बाकीचं भराभर लिहिते. संबंधानंतर लघवीला जाऊन ये, जळजळ टळायला मदत होते. योनीच्या आत साबण, जंतुनाशक, सुगंधी पाणी काही घालू नको. तिथे दही लावणाऱ्या जातीचे चांगले जंतू राहतात आणि आतलं वातावरण आंबट ठेवतात. ती स्वतःला स्वच्छ करते. बाहेरून साधं पाणी पुरे. कोरडेपणासाठी औषधाच्या दुकानात पाण्यावर आधारलेली वंगण जेली मिळते. घरातलं खोबरेल तेल निरोधबरोबर कधीच वापरायचं नाही, तेलाने रबर कच्चं पडून फाटतं.

वर्षभर मूल नको म्हणतेस, आणि दर महिन्याला पाळीची वाट बघत जीव टांगणीला लावतेस. पोटात भीती असली की अंग कसं सैल होणार? आशाताईंकडे निरोध मिळतात. 'छाया' गोळी आहे, लखनौच्या सरकारी संशोधन संस्थेत तयार झालेली, तिच्यात नेहमीच्या गोळ्यांतली संप्रेरकं नसतात. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा. दर तीन महिन्यांचं 'अंतरा' इंजेक्शनही आहे. तुझ्या प्रकृतीला काय चालेल ते तपासून ठरवू, पण तू आणि त्याने मिळून ठरवा, सासूने नाही.

आज एवढंच. हात दुखायला लागला, आणि बाहेर कुरडयांवर कावळे आलेत.

सुखाचा तो क्षण पहिल्या महिन्यात येईल की सहाव्या, याचा हिशेब ठेवू नको. तो आणायचाच म्हणून बसलीस तर येत नाही. एखाद्या दुपारी नुसतं पाठीवरून हात फिरला आणि बरं वाटलं, तर तेवढं घे. मला तुझ्या वयात तेवढंही ठाऊक नव्हतं. पुढे तुझ्या काकांनी आणि मी ते मिळून शिकलो, चाळिशीनंतर, पोरं मोठी झाल्यावर. ते जायच्या आधीची आमची दहा वर्षं फार गोड गेली. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

श्रावणात कानबाईच्या सणाला येशीलच. पण तोवर थांबू नको. सासरी मोकळं बोलता आलं नाही तर फोनवर एवढंच म्हण, "मावशी, बिबडे संपले." मी समजेन. मंगळवारी डॉक्टरबाई बसतात, सकाळच्या गाडीने आपण दोघी जाऊ. आत तपासणीला मी तुझा हात धरून उभी राहीन, आणि त्या विचारतील त्याचं उत्तर तू दे, मोठ्याने, नावं घेऊन.

डबा परत करायची घाई नाही.

तुझी,
मावशी